पावसाळ्यात झेरॉक्स फिकी येते तेव्हा: टोनर ड्रमवरून कागदावर उतरताना काय बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, रिकंडिशन केलेलं ब्लॅक-अँड-व्हाईट डिजिटल मशीन. मे महिन्यापर्यंत प्रती झकास. जून उलटला आणि उताऱ्याच्या, अर्जांच्या प्रती फिक्या, मधेमधे ठिगळं सुटल्यासारख्या यायला लागल्या. टोनर, म्हणजे छपाईची काळी भुकटी, बदलला; ती भुकटी ज्यावर आधी अक्षराच्या आकारात बसते तो फिरता ड्रमही बदलला; फरक शून्य. आणि जाता जाता एक ओळ: पाठपोट काढली तर मागची बाजू मात्र बरी येते.

निदान त्या शेवटच्या ओळीतच आहे. पाठपोट काढताना कागद पहिल्या बाजूच्या वेळी फ्यूझरमधून, म्हणजे टोनर वितळवून कागदावर पक्का करणाऱ्या साधारण १६० ते २०० अंशांच्या रोलरमधून जातो आणि इस्त्री केल्यासारखा कोरडा होतो. त्याच कागदाची दुसरी बाजू चांगली उमटते, म्हणजे ड्रम, टोनर, लेझर सगळं ठीक आहे. ड्रम खराब असता तर त्याने बाजू बघितली नसती. तुमचा कागद ओला आहे. हाताला ओला लागणार नाही, पण विजेच्या हिशेबाने ओला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला प्रकार झाला. ड्रमचे पैसे उगाच गेले.

बहुतेकांची समजूत अशी असते की ड्रम कागदावर दाबला जातो आणि शिक्क्यासारखा टोनर उमटतो. तसं नाही. ड्रमवर आधी सुमारे उणे ६०० ते ७०० व्होल्टचा विजेचा भार चढवतात. लेझर जिथे पडतो तिथला भार उतरून उणे १०० च्या आसपास येतो, आणि ऋण भाराचा टोनर त्या उतरलेल्या जागी जाऊन बसतो. इथपर्यंत अक्षर ड्रमवर तयार. आता कागद येतो, त्याच्या पाठीमागून काळा स्पंजासारखा ट्रान्सफर रोलर लागतो आणि त्यावर विजेचा धन दाब (व्होल्टेज) असतो, बहुतेक मशीनांत एक ते तीन हजार व्होल्टच्या दरम्यान. ही ओढ ड्रमच्या पकडीपेक्षा जास्त झाली की टोनर कागदावर येतो. टोनरचा कण सुमारे ८ मायक्रॉनचा, आणि ग्रॅममागे २० मायक्रोकूलॉम भार धरला तर एका कणावर जेमतेम ६ फेम्टोकूलॉम भार बसतो. इतक्याशा भाराला धरून ओढायचं, तर मधला कागद विजेला अडवणारा हवा. कागदाच्या पाठीवर आलेला धन भार तिथेच थांबला पाहिजे. कागद म्हणजे यंत्राचाच एक भाग आहे असं समजा, फक्त तो दर पानाला नवा बसतो आणि दुकानातल्या कोपऱ्यातून येतो.

टोनर ड्रमवरून कागदावर उतरवायचा हा ट्रान्सफरचा टप्पा आधीपासून असा नव्हता. झेरॉक्सच्या तंत्राचे जनक चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात ओटो कोर्नाई या मदतनिसाबरोबर पहिली प्रतिमा काढली, तेव्हा जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर होता, तो कापडाने घासून भार चढवला होता, आणि त्यावर लायकोपोडियमची भुकटी भुरभुरली होती. ती भुकटी कागदावर घेतली ती मेण लावलेला कागद दाबून, म्हणजे निव्वळ चिकटवून. धंद्यासाठी हे चालणारं नव्हतं. साध्या कागदावर प्रत हवी होती. पुढे अमेरिकेतल्या बॅटेल संशोधन संस्थेत रोलंड शाफर्ट यांच्या गटाने कागदाच्या पाठीमागून कोरोनाचा, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या तारेभोवती तयार होणारा, भार फवारून भुकटी विजेनेच ओढून घ्यायची वाट काढली. १९५९ साली आलेल्या झेरॉक्स ९१४ मध्ये हीच युक्ती होती. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या इलेक्ट्रोफॅक्स पद्धतीने १९५४ मध्ये वेगळा रस्ता धरला: कागदालाच झिंक ऑक्साइडचा लेप, प्रतिमा त्यावरच, त्यामुळे ट्रान्सफरची भानगडच नाही. पण कागद जड, महाग आणि हाताला खडूसारखा. साध्या कागदाने बाजी मारली, आणि त्याबरोबर साध्या कागदाचा दमटपणा आपल्या गळ्यात आला.

कोरोना तारेचे दोन त्रास होते. एक ओझोन, दुसरा म्हणजे कागद ड्रमला नीट टेकला नाही तर मधल्या फटीत प्रतिमा विसकटते. म्हणून पुढे विजेचा दाब दिलेला रबरी रोलर आला. १९८४ च्या पहिल्या एचपी लेझरजेटमध्ये अजून तारच होती. नव्वदच्या दशकात छोट्या मशीनांतून रोलर सर्रास दिसू लागला. आज तुमच्याकडे आहे तो हाच.

आता पावसात काय होतं ते बघू. कारखान्यातून रीम निघते तेव्हा कॉपीच्या कागदात पाणी साधारण ४ ते ६ टक्के असतं. जुलैत जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला हवा दिवसच्या दिवस संपृक्ततेच्या जवळ असते. उघडी रीम रात्रभर तिथे राहिली की कागदातलं पाणी ८-१० टक्क्यांवर जातं. एवढ्याशा फरकाने कागदाचा विजेला असलेला रोध हजार पटींहून जास्त घसरू शकतो. मग रोलरने पाठीवर दिलेला भार दोन वाटांनी पळतो. एक वाट आडवी: कागदातून पसरत जाऊन पुढच्या-मागच्या धातूच्या गाईडला किंवा रजिस्ट्रेशन रोलरला (कागद नेमक्या वेळी पुढे सोडणाऱ्या) टेकला की जमिनीत. म्हणूनच कधीकधी पानाचा फक्त सुरुवातीचा किंवा शेवटचा पट्टा फिका येतो, कारण तेवढ्याच वेळात कागद गाईडला टेकलेला असतो. दुसरी वाट उभी: भार कागदातून आरपार जाऊन टोनरलाच भेटतो आणि त्या कणाचा भार उलटा करतो. उलटा झालेला कण कागदावर थांबत नाही, परत ड्रमवर जातो.

इथेच पुष्कळ जण चुकतात. फिकं दिसतं म्हणून सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे मेकॅनिकसाठीच्या मेनूत, जाऊन ट्रान्सफरचा दाब वाढवतात. दाब कमी पडला तरी प्रत फिकी, दाब जास्त झाला तरी फिकी. काही मायक्रॉनच्या फटीतली हवा सुमारे ३३० व्होल्टच्या खाली फुटत नाही, पण त्याच्या वर गेलं की ठिणग्या सुरू, आणि प्रत्येक ठिणगीमागे टोनरचे काही कण उलटतात. ठोकताळा असा: सगळं पान एकसारखं फिकं असेल तर ओढ कमी पडते आहे, भरीव काळ्यात पांढरे ठिपके किंवा पक्ष्याच्या पावलासारख्या खुणा असतील तर ओढ जास्त आहे आणि हवा फुटते आहे. ओल्या कागदात दोन्ही एकत्र दिसतात, म्हणून डोकं चक्रावतं.

मशीन स्वतः काहीच करत नाही असं नाही. प्रिंट द्यायच्या आधी ड्रम काही क्षण नुसता फिरतो. त्या वेळी बरीच मशीनं रोलरमधून ठराविक करंट सोडून त्याला किती व्होल्ट लागले ते मोजतात आणि त्यावरून पुढचा दाब ठरवतात. पण हे मोजमाप होतं तेव्हा मधे कागद नसतो. रोलर दमला आहे की नाही ते यंत्राला कळतं, तुमची रीम काल संध्याकाळपासून फोडून ठेवली आहे हे कळत नाही.

खात्री करायला दोन चाचण्या पुरतात. पहिली फुकटची आहे. बंद रीम फोडा, लगेच पाच कागद घालून भरीव काळा पट्टा असलेलं पान काढा. मग ट्रेमधल्या जुन्या गठ्ठ्यातले पाच. फरक दिसला तर विषय संपला. बंद रीम हाताशी नसेल तर जुन्याच कागदावर आधी कोरं पान छापा, म्हणजे तो नुसता फ्यूझरमधून जाऊन येईल, आणि मिनिटाच्या आत त्याच बाजूवर पट्टा काढा. बाहेर पडणाऱ्या पानांतून हलकी वाफ वर येताना दिसते का तेही बघा; ट्यूबलाईट पाठीमागे असेल तर स्पष्ट दिसते. वाफ दिसली म्हणजे कागदाने फ्यूझरची उष्णताही खाल्ली. अशा वेळी बोटाने घासलं की अक्षर पुसतं. ते मात्र फ्यूझिंगचं दुखणं, ट्रान्सफरचं नव्हे. दोन्ही एकाच ओल्या कागदाने होतात, म्हणून वेगवेगळं तपासा.

दुसरी चाचणी थोडी हाताची आहे. तोच काळा पट्टा छापायला द्या आणि कागद ड्रमखाली अर्धा गेला असं वाटलं की पुढचं दार उघडून मशीन थांबवा. ड्रम युनिट बाहेर काढा, ट्यूबलाईटकडे पाठ करून, आणि पाच-दहा सेकंदांत बघून काळ्या कापडाखाली ठेवा; जास्त वेळ उजेडात राहिला तर ड्रम थकतो. ड्रमवर दोन भाग दिसतील: कागदाला भेटायच्या आधीचा आणि भेटून आलेला. आधीचा भाग गर्द काळा आणि नंतरच्या भागावरही बराच टोनर तसाच शिल्लक, तर टोनर उतरत नाही, दोष ट्रान्सफरचा. आधीचाच भाग फिका असेल तर कागदाला दोष देऊ नका. डेव्हलपर (ड्रमपर्यंत टोनर पोचवणारा भाग), भार किंवा लेझरकडे जा. नीट चालणाऱ्या मशीनमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास टोनर कागदावर येतो. उरलेला किती ते अंदाजाने सांगू नका. वापरातून बाद झालेला ड्रम असेल तर त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा, तुलना डोळ्यासमोर येते. चालू ड्रमवर पट्टी लावू नका, गोंदाचा डाग कायमचा राहतो. ड्रमवरून पुसलेला टोनर जमा होतो तो वेस्ट टोनरचा डबा नेहमीपेक्षा लवकर भरायला लागला तर तीही हीच साक्ष.

कागदाची तक्रार मिटली तरी थोडा फिकेपणा राहिला तर रोलरकडे वळा. त्याला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेल्या जागी डाग धरतो आणि तो दर फेऱ्याला उमटतो. १६ मिलिमीटर व्यासाच्या रोलरचा डाग दर ५० मिलिमीटरवर परत येईल, ३० मिलिमीटरच्या ड्रमचा ९४ वर, २४ मिलिमीटरच्या ड्रमचा ७५ वर. पट्टीने मोजलं की गुन्हेगार कोण ते कळतं. स्पिरिट, थिनर, पेट्रोल काहीही लावायचं नाही. मऊ कोरड्या ब्रशने झटका, नाहीतर टोनरच्या व्हॅक्यूमने ओढा. रोलरच्या दोन टोकांना स्प्रिंग असतात आणि ज्यात टोक फिरतं ते काळ्या प्लास्टिकचे बुश. त्यातला एक बुश वीज वाहून नेणारा असतो. तिथे साधं ग्रीस भरलं की दाब रोलरपर्यंत पोचतच नाही. दिसायला मशीन स्वच्छ, आणि प्रत पांढरीफटक. पानाची एकच बाजू फिकी असेल तर त्या टोकाची स्प्रिंग बसली आहे किंवा बुश झिजला आहे.

मराठी छपाईत या रोलरची एक खास खूण दिसते. शीर्षकाचं जाड अक्षर भिंगातून बघा: शिरोरेषेच्या दोन्ही कडा काळ्या आणि मधून बारीक पांढरी चीर. इथे दाब म्हणजे व्होल्टेज नव्हे, स्प्रिंगचा दाब; तो जास्त झाला की जाड रेघेच्या मधला टोनर दबून ढेकळासारखा घट्ट होतो आणि ड्रमला चिकटून राहतो, कडा तेवढ्या सुटतात. शिरोरेषा लांब आणि सलग असल्याने ती सगळ्यात आधी सापडते. शेजारच्या कानडी मजकुराच्या गोल वळणांत हाच दोष असतो, पण डोळ्याला पटकन खुपत नाही. अशी चीर दिसली तर स्प्रिंग जास्त ताठ बसली आहे का ते बघा, नाहीतर रिफिलचा टोनर ओल धरून गोळा झालेला आहे.

आता कागद कोरडा ठेवायचा उपाय. रीमचं वेष्टण आतून प्लास्टिकचा लेप असलेलं असतं, ते उगाच नसतं. दोन तासांत खपेल एवढाच कागद ट्रेमध्ये घाला, उरलेली रीम त्याच वेष्टणात गुंडाळून झाकणाच्या डब्यात. रीम शहाबादी फरशीवर आणि जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. खाली लाकडी पाट, भिंतीपासून वीतभर लांब. लोखंडी कपाट असेल तर तळाशी झिरोचा जुना तारेचा बल्ब लावा. त्याला झिरो म्हणतात, पण तो १५ वॅटच्या आसपास खातो, आणि आपल्याला हवी ती नेमकी तेवढीच ऊब. एलईडीचा झिरो उपयोगाचा नाही, तो तापत नाही. बल्ब आणि कागदात फूटभर अंतर आणि मधे जाळी हवीच. आत दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४५ ते ६० टक्क्यांत राहिला की बास. कागद चांगला आहे की नाही ते कानालाही कळतं: गठ्ठा अंगठ्याने फुलवला की कोरडा कागद खडखडतो, ओला जुन्या लुगड्यासारखा मऊ सरकतो.

पुष्कळ मोठ्या मशीनांत कॅसेटखाली, म्हणजे कागदाच्या ट्रेखाली, हीटर असतो, तो मुख्य स्विच बंद असताना चालावा अशी योजना असते. आपल्याकडे मात्र रात्री दुकान बंद करताना भिंतीवरचा प्लगच काढतात. मशीनच्या अंगावरचा हीटरचा छोटा स्विच सुरू आहे का बघा, आणि जून ते सप्टेंबर प्लग चालू ठेवा. विजांचा कडकडाट असेल त्या रात्री काढा, हे वेगळं सांगायला नको.

यानंतरही गरज वाटली तरच सेटिंगला हात लावा. आधी कागदाचा प्रकार बघा; पातळ ७० जीएसएमचा कागद आणि मेनूत जाड, असं असेल तर दाब आपोआप वाढलेला असतो. काही मशीनांच्या मेनूत दमट हवेसाठी वेगळा मोड असतो, तो आधी वापरा. सर्व्हिस मोडमध्ये जायचंच तर मूळ आकडा चिठ्ठीवर लिहून दाराच्या आत चिकटवा, एका वेळी एकच पायरी बदला, दहा प्रती काढा, मग पुढची. आणि दिवाळीच्या आसपास तो आकडा परत मूळ जागी आणा. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचंही सेटिंग असतं. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर आहे, त्याला हात लावायचं कारण नाही.

हे परत आणणं का, तर याच जिल्ह्यात उलटा रोगही आहे. अथणी, कागवाडकडे मार्च-एप्रिलात हवा इतकी कोरडी असते की पहिली बाजू उत्तम आणि मागची ठिपक्यांची. तिथे कागद फ्यूझरमधून जाऊन आणखी कोरडा होतो, रोध वाढतो, दुसऱ्या बाजूला जास्त दाब लागतो, आणि ड्रमपासून सुटताना ठिणग्या पडतात. पानं एकमेकांना चिकटून बाहेर येतात. खानापूरचं मशीन तिकडे विकलं किंवा तिकडचं इकडे आणलं आणि सेटिंग तसंच राहिलं, तर दोन्हीकडे नाव टोनरचंच खराब होतं. कोणती बाजू बिघडते एवढं ग्राहकाला फोनवर विचारलं तरी निम्मं निदान होतं.

अर्थिंगचं थोडक्यात. रोलरनंतर कागद सोडवायला दातेरी पट्टी असते, तिने उरलेला भार जमिनीत सोडायचा असतो. तिसऱ्या पिनला जमीनच नसेल तर कागद ड्रमला गुंडाळतो आणि मशीनला हात लावला की झटका बसतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा. २-३ व्होल्टपर्यंत चालतं, त्याच्या वर असेल तर वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा.

रंगीत मशीनचं गणित थोडं सोपं असतं. तिथे चारही रंग आधी पट्ट्यावर जमतात, ज्याला बेल्ट म्हणतो, आणि कागदाशी एकदाच गाठ पडते. दमट कागदाची खूण तिथे अशी की काळं अक्षर ठीक, पण लाल, हिरवा, निळा ठिगळठिगळ. कारण ते रंग दोन टोनरच्या थरांनी होतात आणि दुप्पट भार ओढायला तेवढी ओढ उरत नाही. लग्नसराईत चकाकत्या धातूच्या थराच्या पत्रिकेवर नावं छापून द्या म्हणून गिऱ्हाईक येतं, त्याला सरळ नाही म्हणा. तो थर वीज पसरवतो, टोनर उतरत नाही, आणि हाय व्होल्टेजचा बोर्ड धोक्यात. ते काम स्क्रीन प्रिंटिंगचं. खडबडीत हातकागदासारख्या पत्रिकेवरही खळग्यांत टोनर पोचत नाही, मधे हवा राहते.

गंमत म्हणजे १९९३ साली बेनी लांडा यांच्या इंडिगो या छपाईयंत्रांच्या कंपनीने द्रव टोनर आणला, त्यात ड्रमवरून ब्लँकेटवर, म्हणजे मधल्या रबरी थरावर, प्रतिमा विजेने जाते, पण ब्लँकेटवरून कागदावर जाते ती गरम करून चिकट झालेल्या थराने. कार्लसन यांच्या मेणकागदाच्याच जातीचं काम. तिथे कागदाच्या ओलीचा विजेशी संबंध येत नाही. पण ते यंत्र झेरॉक्सच्या दुकानाचं नव्हे.

तुमचा जुना ड्रम टाकला नसेल तर काळ्या पिशवीतून काढून कोरड्या रीमबरोबर परत बसवून बघा. मागची बाजू तेव्हाही बरी येत होती, म्हणजे तो अजून चालण्याजोगा आहे. नवा सप्टेंबरनंतरसाठी ठेवा.